रक्ताचा अहवाल निर्दोष, तरी कातडीवर पट्टे: जनुकीय मोझॅकिझम त्वचेत कसा काम करतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाळाच्या अंगावर जन्मापासून एकाच बाजूला तपकिरी, खरखरीत पट्टा आहे. दोन्ही घराण्यांत असं कुणाला नाही. रक्ताची जनुकीय चाचणी झाली, तीत काहीच सापडलं नाही. तरीही त्वचारोगतज्ज्ञ याला 'जनुकीय मोझॅकिझम' म्हणतात. रक्तात दोष नाही आणि आजार मात्र जनुकीय, हे दोन्ही एकदम खरं कसं असेल?

दोन्ही खरं आहे. दोष त्या पट्ट्यातल्या पेशींत आहे आणि चाचणी झाली रक्ताच्या पेशींची.

माणसाची सुरुवात एका फलित पेशीपासून होते. तिची विभाजनं होत होत अब्जावधी पेशी बनतात आणि प्रत्येक विभाजनाआधी जवळजवळ ६०० कोटी अक्षरांच्या डीएनएची नक्कल करावी लागते. पेशी बहुतेक चुका दुरुस्त करते, पण थोड्या राहून जातात. राहिलेली चूक त्या पेशीच्या पुढच्या सगळ्या वंशात उतरते, शेजारच्या पेशींच्या वंशात नाही. म्हणजे एकाच शरीरात दोन किंवा अधिक जनुकीय वंशांच्या पेशी नांदतात. यालाच मोझॅकिझम म्हणतात. काटेकोर अर्थानं आपण सगळेच असे मिश्र आहोत. आजार होतो तो चूक नेमक्या जनुकात, नेमक्या जातीच्या पेशीत आणि पुरेशी लवकर झाली तर. ही चूक फलनानंतरची असल्यामुळे ती आई-वडिलांकडून आलेली नसते आणि गरोदरपणातल्या खाण्यापिण्याशी, ग्रहणाशी किंवा एखाद्या गोळीशी तिचा संबंध जोडायला काही आधार नाही. हे आईला पहिल्याच भेटीत स्पष्ट शब्दांत सांगायला हवं, कारण बहुतेक आया हा दोष मनात स्वतःकडे घेऊन आलेल्या असतात.

चूक केव्हा झाली यावर किती फरक पडतो, याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण जीएनएक्यू हे जनुक आहे. चेहऱ्यावरचा जन्मजात लालजांभळा डाग, ज्याला पोर्ट-वाइन डाग म्हणतात, आणि स्टर्ज-वेबर सिंड्रोम, ज्यात त्याच डागासोबत मेंदूवरच्या आवरणातल्या रक्तवाहिन्या आणि डोळाही बाधित होतो, या दोन्हींत एकच बदल सापडतो: प्रथिनात १८३व्या जागी आर्जिनिनऐवजी ग्लुटामिन. हे २०१३ मध्ये सिद्ध झालं. बाधित नमुन्यांत बदललेल्या प्रतीचं प्रमाण होतं साधारण १ ते १८ टक्के. चूक लवकर झाली तर तिचा वंश कातडी, डोळा आणि मेंदूचं आवरण अशा सगळीकडे पोहोचतो. उशिरा झाली तर फक्त कातडीपुरता राहतो. जनुक तेच, अक्षर तेच, आणि एका मुलाला फक्त डाग तर दुसऱ्याला डागासोबत झटके आणि काचबिंदू.

कोणत्या पेशीत चूक झाली, यावर आकृती ठरते. बाह्यत्वचेतल्या केराटिन (कातडी कणखर करणारं प्रथिन) बनवणाऱ्या पेशी गर्भावस्थेत पाठीच्या मध्यरेषेकडून बाजूंना आणि पुढे सरकत वाढतात. त्यामुळे त्यांच्या एका वंशाचा माग पाठीवर इंग्रजी 'व्ही'सारखा, पोटाच्या बाजूंना 'एस'सारखा, हातापायांवर उभा आणि डोक्यावर भोवऱ्यासारखा दिसतो. बर्लिनचे त्वचारोगतज्ज्ञ आल्फ्रेड ब्लाश्को यांनी १९०१ मध्ये शंभरावर रुग्णांचे पट्टे एका आकृतीवर उतरवून या रेषा मांडल्या. नागिणीचे फोड मज्जातंतूच्या पट्ट्यात येतात, पण ब्लाश्को रेषा मज्जातंतू, रक्तवाहिन्या किंवा लसीकावाहिन्या यांपैकी कशाशीच जुळत नाहीत. त्या गर्भातल्या पेशींच्या वाटचालीच्या खुणा आहेत. निरोगी माणसातही त्या असतातच, फक्त सगळ्या पेशी सारख्या दिसत असल्यामुळे नजरेला येत नाहीत.

इतर पेशींचे माग वेगळे असतात. रक्तवाहिन्यांचे डाग आणि बेकर नीव्हस (नीव्हस म्हणजे मोझॅकिझममुळे आलेला चट्टा, बेकरचा तपकिरी आणि बहुधा केसाळ असतो) मोठ्या चौकटीसारखे येतात आणि मध्यरेषेवर कापल्यासारखे थांबतात. मोठे जन्मजात काळे तीळ, म्हणजे रंगपेशींचे नीव्हस, मध्यरेषा जुमानत नाहीत. पानाच्या आकाराचे फिकट डाग दिसले तर १३व्या गुणसूत्राच्या मोझॅकिझमची शंका घ्यावी. शरीराचा अर्धा भागच बाधित, मध्यरेषेवर तलवारीनं आखल्यासारखी सीमा, असं चित्र चाइल्ड सिंड्रोम या दुर्मीळ आजारात दिसतं. म्हणूनच तपासताना बाळाला पूर्ण उघडं करून, चांगल्या उजेडात, पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि केस बाजूला सारून टाळूही पाहायची. गोऱ्या कातडीवरचे फिकट पट्टे वुड्स दिव्याशिवाय, म्हणजे अतिनील प्रकाशाच्या दिव्याशिवाय, नजरेतून सुटतात. एका हातावरचा पट्टा दाखवायला आलेल्या मुलाच्या पाठीवर दुसरा सापडणं मुळीच दुर्मीळ नाही.

पट्टा ब्लाश्को रेषेत आहे एवढ्यावरून निदान मात्र होत नाही. लायकेन स्ट्रायटस हा पट्टाही याच रेषेत येतो, पण तो मुलांत अचानक उगवतो आणि एक-दोन वर्षांत आपोआप जातो. त्याला बायोप्सी आणि जनुकीय चाचणी लावणं म्हणजे मुलाला उगाच त्रास. 'जन्मापासून आहे का, आणि असेल तर बाळासोबत वाढतोय का?' या एका प्रश्नानं अर्धं काम होतं. खरखरीत नीव्हस जन्मतः अगदी सपाट, फिकट रेघेसारखा असू शकतो आणि काही महिन्यांनी जाड होतो, हेही लक्षात ठेवावं. जुने फोटो मागवून पाहावेत.

मुलींमध्ये आणखी एक प्रकार आहे. त्यात नवी चूक लागतच नाही. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात आणि गर्भावस्थेत त्यांपैकी एक बंद केलं जातं. कोणत्या पेशीत कोणतं, ते नशिबावर. ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी १९६१ मध्ये हे मांडलं. एका एक्सवर दोष असेल तर कातडीवर दोन प्रकारच्या पेशींचे पट्टे पडतात. इन्कॉन्टिनेन्शिया पिगमेंटी हा त्यातला नमुनेदार आजार: नवजात मुलीच्या अंगावर रेषेत फोड, काही आठवड्यांनी तिथंच चामखिळीसारखे उंचवटे, मग भोवऱ्यासारखे तपकिरी पट्टे आणि मोठेपणी फिकट, केसविरहित रेघा. फोड पाहून जंतुसंसर्ग किंवा नागीण समजून प्रतिजैविकं नाहीतर विषाणूविरोधी औषधं सुरू होतात आणि मुख्य काम राहून जातं. ते मुख्य काम म्हणजे डोळ्यांच्या पडद्याची तपासणी: जन्मानंतर लगेच, मग चौथ्या महिन्यापर्यंत दरमहा. पडद्याच्या कडेच्या रक्तवाहिन्या बंद पडत जातात आणि उशीर झाला तर दृष्टी जाते.

या आजारात रक्ताची चाचणी उपयोगी पडते, कारण दोष सगळ्याच पेशींत आहे. मात्र नेहमीची पॅनेल चाचणी, म्हणजे ठरावीक जनुकांची एकत्र चाचणी, इथं चकवते. सुमारे ८० टक्के रुग्णांत आयकेबीकेजी जनुकाचा ४ ते १० हा एक्सॉनांचा (प्रथिनाची माहिती असलेल्या भागांचा) तुकडाच गळालेला असतो आणि शेजारी त्या जनुकाची जवळजवळ तशीच एक निरुपयोगी प्रत असल्यामुळे यंत्राला तूट कळत नाही. प्रयोगशाळेला 'त्या विशिष्ट तुटीची स्वतंत्र चाचणी हवी' असं लिहून द्यावं लागतं. मुलग्यात हा आजार दिसला तर दोन शक्यता तपासायच्या: त्याच्याकडे एक जास्तीचं एक्स आहे, किंवा त्याच्यात चूक फलनानंतर झालेली आहे.

तिसरा मार्ग समजायला जरा अवघड, पण तो माहीत नसेल तर काही रुग्णांचा अर्थच लागत नाही. आई-वडिलांकडून जनुकाची एक सदोष प्रत आलेली असते, म्हणून सगळ्या कातडीत आजार सौम्य असतो. त्यातच गर्भावस्थेत एका पेशीत दुसरी, चांगली प्रतही जाते. मग त्या पेशीच्या वंशाच्या पट्ट्यात तोच आजार फार लवकर आणि फार तीव्र दिसतो. हेली-हेली या फोड आणणाऱ्या आनुवंशिक त्वचारोगात हे जनुकीय पातळीवर दाखवलं गेलं आहे. रेषेतल्या पोरोकेराटोसिसमध्येही (उंच कडेचे खरखरीत चट्टे) असाच दुसरा घाव सापडतो आणि तिथं या पट्ट्यांत कर्करोग होण्याचा धोका जास्त असल्यानं वर्षानुवर्षं नजर ठेवावी लागते. अशा पट्टेदार रुग्णाच्या आई-वडिलांची कातडी न तपासता 'हे आनुवंशिक नाही' म्हणणं चूक ठरू शकतं.

याच यंत्रणेची उलट बाजूही आहे. कधीकधी पेशी विभागताना गुणसूत्रांची अदलाबदल होऊन सदोष प्रत निघून जाते आणि तिथली कातडी निरोगी होते. इक्थिऑसिस विथ कॉन्फेटी या आजारात लालभडक, खवलेदार अंगावर वय वाढेल तसे निरोगी कातडीचे शेकडो, पुढे हजारो ठिपके उमटतात. २०१० मध्ये कळलं की मूळ दोष केराटिन-१० मध्ये आहे आणि प्रत्येक ठिपका ही स्वतंत्र घटना आहे. मूळ आजारी पेशीपेक्षा दुरुस्त झालेली पेशी जास्त जोमानं टिकते, म्हणून ठिपके वाढत जातात. फोड येणाऱ्या एपिडर्मोलायसिस बुलोसामध्येही असे सुधारलेले भाग सापडतात. ज्या जागी कधीच फोड येत नाही ती जागा नकाशावर खूण करून ठेवण्यासारखी असते.

आता चाचणीकडे येतो, कारण सगळ्यात जास्त गफलत इथं होते.

नमुना बाधित कातडीचाच हवा. ४ मिलिमीटरची पंच बायोप्सी (गोल पात्यानं काढलेला कातडीचा तुकडा), पट्ट्याच्या सर्वांत दाट भागातून, कडेवरून नाही. एक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी फॉर्मालिनमध्ये, दुसरा डीएनएसाठी ताजा: निर्जंतुक सलाइननं ओलावलेल्या गॉजमध्ये किंवा वाढमाध्यमात, बर्फाच्या संपर्कात न येऊ देता थंड ठेवून, त्याच दिवशी प्रयोगशाळेत. पेशी वाढवायच्या असतील तर तो तुकडा गोठवायचा नाही. सोबत ईडीटीए नळीत, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या नळीत, रक्त द्यायचं. रक्त इथं तुलनेसाठी लागतं: जो बदल कातडीत आहे आणि रक्तात नाही किंवा फारच कमी आहे, तोच फलनानंतरचा.

फॉर्मालिनमधला तुकडा जनुकीय चाचणीला वापरू नये असं आग्रहानं सांगतो, त्याला नेमकं कारण आहे. फॉर्मालिन डीएनएतल्या सायटोसिनचा अमिनो गट काढून टाकतं आणि यंत्र तिथं 'सी'ऐवजी 'टी' वाचतं. समोरच्या धाग्यावरून पाहिलं तर तोच बदल 'जी'ऐवजी 'ए' दिसतो. जीएनएक्यूचा १८३व्या जागेचा बदल, प्रोटियस सिंड्रोममधला (शरीराचे भाग वेडेवाकडे वाढणारा आजार) एकेटी१चा १७व्या जागेचा बदल आणि मॅक्यून-ऑलब्राइटमधले (कातडी, हाडं आणि संप्रेरकं बाधित करणारा आजार) जीएनएएसचे २०१व्या जागेचे नेहमीचे बदल, हे सगळे नेमके याच जातीचे आहेत. म्हणजे जपणुकीनं झालेला खोटा बदल आणि शोधत असलेला खरा बदल दिसायला एकसारखे, आणि दोघांचंही प्रमाण एक-दोन टक्के. ताजा तुकडा मिळणं शक्यच नसेल तर प्रयोगशाळेनं असे बिघडलेले धागे काढून टाकणारं विकर वापरलंय का ते विचारावं आणि दुसऱ्या पद्धतीनं खात्री करून घ्यावी.

प्रमाणाचं गणित हातानं करून पाहिलं की 'अहवाल निर्दोष' या शब्दांचा अर्थ कळतो. समजा तुकड्यातल्या एकूण पेशींपैकी २० टक्के बाह्यत्वचेच्या आहेत आणि त्यांतल्या निम्म्या बदललेल्या आहेत. म्हणजे बदललेल्या पेशी १० टक्के. प्रत्येक पेशीत जनुकाच्या दोन प्रती, त्यातली एकच बदललेली, म्हणून डीएनएत प्रमाण ५ टक्के. डीएनए वाचण्याच्या जुन्या सँगर पद्धतीला १५-२० टक्क्यांच्या खाली नीट दिसत नाही, तिथं हा बदल नाहीच. ३० पट खोलीनं, म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी ३० वेळा वाचून, केलेल्या संपूर्ण जीनोम वाचनात तो एक-दोनदा दिसेल आणि यंत्राची चूक समजून गाळला जाईल. १००० पट खोलीच्या पॅनेलमध्ये तो सुमारे ५० वेळा दिसेल, तिथं शंका उरत नाही. म्हणून चाचणी मागताना विचारायचं: माझ्या संशयाच्या जनुकावर वाचनाची खोली किती, आणि किती टक्क्यांपर्यंतचा बदल तुम्ही कळवता? नेहमीच्या आनुवंशिक चाचणीत अशा कमी प्रमाणाच्या गोष्टी जाणूनबुजून गाळलेल्या असतात. जागा आधीच माहीत असेल, तर ड्रॉपलेट डिजिटल पीसीआर (नमुना हजारो थेंबांत वाटून त्या एका बदलाची मोजणी) अर्ध्या टक्क्याच्याही खालचं पकडतो.

बाह्यत्वचा आंतरत्वचेपासून सोडवून वेगळी तपासली तर प्रमाण आपोआप वाढतं. डिस्पेज विकरात तुकडा रात्रभर ४ अंश सेल्सिअसला ठेवला की वरचा पापुद्रा चिमट्यानं अखंड निघतो. सेबेशियस नीव्हसमध्ये (तेलग्रंथींचा जन्मजात पिवळसर चट्टा) बदल, बहुतेक वेळा एचरासचा १३व्या जागेचा, बाह्यत्वचेच्या पेशींत असतो. हाच तुकडा वाढवून फक्त फायब्रोब्लास्ट, म्हणजे आंतरत्वचेतल्या, पेशी तपासल्या तर अहवाल निर्दोष येणारच. याउलट गुणसूत्रांच्या मोझॅकिझमची शंका असेल, म्हणजे रंगाच्या पट्ट्यांसोबत विकासातली दिरंगाई असेल, तर फायब्रोब्लास्टच वाढवून गुणसूत्रं पाहावीत. पॅलिस्टर-किलियन सिंड्रोम या अशाच आजारात जास्तीचं गुणसूत्र कातडीत सापडतं आणि रक्तातून निघून गेलेलं असतं. इथं किती पेशी मोजल्या तेही महत्त्वाचं: ३० पेशी मोजून सगळ्या सारख्या आल्या तर १० टक्क्यांचा मोझॅकिझम ९५ टक्के खात्रीनं नाकारता येतो, २० पेशींवर तेवढी खात्री मिळत नाही.

कातडीखाली काय शोधायचं ते आकृती आणि जागा सांगते. सगळ्यांना सगळ्या तपासण्या लावू नयेत. पोर्ट-वाइन डाग कपाळावर असेल तर डोळ्याचा दाब पहिल्या आठवड्यांतच पाहायचा आणि मेंदूसाठी बालमेंदूविकारतज्ज्ञाचा सल्ला घ्यायचा. खूप पसरलेल्या खरखरीत किंवा सेबेशियस नीव्हसमध्ये रक्तातलं फॉस्फेट आणि अल्कलाइन फॉस्फेटेज मोजावं. कधीकधी एफजीएफ-२३ हे संप्रेरक जास्त तयार होऊन लघवीतून फॉस्फेट वाहून जातं आणि 'ड' जीवनसत्त्वाला दाद न देणारा मुडदूस होतो. अनेक मोठे जन्मजात तीळ असतील तर मेंदूचा एमआरआय पहिल्या सहा महिन्यांत करावा, कारण पुढे मेंदूतल्या तंतूंवरचं मज्जावरण पिकलं की त्यातलं मेलॅनिन ओळखायला कठीण जातं. पीआयके३सीए जनुकातल्या बदलामुळे होणाऱ्या शरीराच्या भागांच्या अतिवाढीत, विशेषतः धडावर चरबीच्या गाठी आणि वाकडी वाढ असेल तर, विल्म्स ट्यूमरसाठी (मुलांतला मूत्रपिंडाचा कर्करोग) मूत्रपिंडांची ठरावीक काळानं सोनोग्राफी करतात. काठ खडबडीत असलेला मोठा तपकिरी डाग आणि मुलीला वयाआधी पाळी आली, तर मॅक्यून-ऑलब्राइटच्या शंकेनं हाडं आणि संप्रेरकं तपासल्याशिवाय सोडू नये.

उपचारात पहिली अडचण अशी की चूक बाह्यत्वचेच्या मूळ पेशींत, केसांच्या मुळांपर्यंत असते. वरवर खरवडलं, जाळलं किंवा उथळ लेझर मारलं तर पट्टा परत उगवतो. खोल गेलं तर व्रण राहतो. छोटा पट्टा असेल तर पूर्ण जाडीनं कापून टाके घालणं हाच खात्रीचा उपाय, मोठ्यात मऊ करणारी मलमं आणि संयम. सेबेशियस नीव्हस लहानपणीच कापण्याची घाई नको. त्यात उगवणाऱ्या गाठी बहुतेक सौम्य असतात. मूल स्वतः निर्णयात सहभागी होईल त्या वयापर्यंत थांबता येतं, अर्थात नवी गाठ किंवा न भरणारी जखम लगेच दाखवायची. पोर्ट-वाइन डागावर ५९५ नॅनोमीटरचा पल्स्ड डाय लेझर उपयोगी आहे, पण अनेक बैठका लागतात आणि डाग पुन्हा गडद होऊ शकतो.

जनुक कळल्याचा खरा फायदा आता औषधांत दिसतो. चाइल्ड सिंड्रोम आणि पोरोकेराटोसिसमध्ये पेशीचा कोलेस्टेरॉल बनवण्याचा मार्ग अडलेला असतो: आधीचे पदार्थ साचतात आणि शेवटचा पदार्थ कमी पडतो. म्हणून मलमात २ टक्के स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारं औषध) साचलेलं कमी करण्यासाठी आणि २ टक्के कोलेस्टेरॉल तूट भरण्यासाठी घालतात. चाइल्ड सिंड्रोममध्ये नुसतं कोलेस्टेरॉल पुरत नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण मलम बनवताना एक घटक वगळला जातो. पीआयके३सीएच्या गंभीर अतिवाढीसाठी अल्पेलिसिब या त्याच जनुकाचं प्रथिन रोखणाऱ्या औषधाला अमेरिकेच्या औषध नियामकानं एप्रिल २०२२ मध्ये दोन वर्षं आणि त्यापुढच्या वयासाठी मान्यता दिली. ते घेताना रक्तातली साखर तपासत राहावी लागते. रक्ताच्या चाचणीवर थांबलेल्या रुग्णापर्यंत हे औषध पोहोचतच नाही, म्हणून कातडीच्या चाचणीचा इतका आग्रह.

आता घरच्यांचा मोठा प्रश्न: पुढच्या मुलाला होईल का? बाळातली चूक फलनानंतर झाली असेल तर त्याच्या भावंडांचा धोका इतर कोणत्याही मुलाइतकाच असतो. बाळ मोठं होऊन आई किंवा बाप होईल तेव्हाचं उत्तर मात्र जनुकावर अवलंबून आहे. जीएनएएस, एकेटी१ आणि जीएनएक्यू यांचे हे बदल सगळ्या शरीरात असतील तर गर्भ जगत नाही, म्हणून ते पुढच्या पिढीत जात नाहीत. मिश्र स्वरूपातच ते टिकतात. हा विचार जर्मन त्वचारोगतज्ज्ञ रुडॉल्फ हॅपल यांनी १९८०च्या दशकात मांडला आणि पुढे जनुकांनी तो खरा ठरवला.

काही बदल सगळ्या शरीरात असले तरी मूल जन्माला येतं. खरखरीत पट्ट्याच्या बायोप्सीत 'एपिडर्मोलिटिक हायपरकेराटोसिस' असं लिहून आलं तर दोष केराटिन-१ किंवा केराटिन-१० मध्ये आहे. हा वंश बीजपेशींतही (अंडं किंवा शुक्राणू बनवणाऱ्या पेशींत) शिरला असेल तर पट्टेवाल्या पालकाच्या मुलाला संपूर्ण अंगावर फोड आणि जाड कातडीचा आजार होऊ शकतो. १९९४ मध्ये हे जनुकीय पुराव्यानिशी दाखवलं गेलं. म्हणून प्रत्येक खरखरीत नीव्हसची एकदा तरी बायोप्सी व्हावी असं माझं मत आहे, पट्टा कितीही लहान असो. शरीराच्या एकाच भागातल्या न्यूरोफायब्रोमॅटोसिसमध्येही (मज्जातंतूंवर गाठी येणारा आजार) हेच लागू, आणि तिथं खात्रीसाठी दोन वेगवेगळ्या गाठी तपासून दोन्हींत समान असलेला एनएफ१चा बदल शोधावा लागतो. प्रत्येक गाठीत दुसरा बदल निराळा असतो, समान तोच मूळचा. पट्टा मोठा तर धोका जास्त हा अंदाज साधारण बरोबर आहे, पण छोट्या पट्ट्यानं धोका शून्य होत नाही.

असा बदल असलेल्या व्यक्तीनं गर्भधारणेआधीच कातडीतून नेमकं अक्षर शोधून ठेवावं. ते हाती असेल तर साधारण ११ ते १४ आठवड्यांत वारेचा किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजलाचा नमुना घेऊन 'आहे' किंवा 'नाही' असं सरळ उत्तर मिळतं, कारण गर्भात बदल आला असेल तर तो सगळ्या पेशींत असतो आणि डीएनएत ५० टक्के दिसतो. अक्षर माहीत नसेल तर त्या आठवड्यांत ते शोधायला वेळ पुरत नाही.